पुढच्या सीटवर देव, डिकीत फोटो

आमच्या भिंतीवरचा बाबांचा फोटो पेन्शनच्या कार्डासाठी काढलेला आहे. त्यात ते असे बघतात की समोरच्याने नुकताच त्यांच्या पायावर पाय दिलाय. गेल्या चैत्रात बाबा गेले, घाईघाईत तोच मोठा करून आणला आणि लटकवला. आई रोज त्याला उदबत्ती ओवाळते आणि रोज पुटपुटते, "एवढं काय रागवायचं ते माणसानं!" फेब्रुवारीत एका सकाळी उदबत्ती खोचता खोचता म्हणाली, "वैशू, वर्षश्राद्धाला हा नको गं. दुसरा बघ."

आता दुसरा कुठून आणू? बाबांना फोटोचं वेड होतं, पण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. कपाटावरच्या पेटीत ढीगभर फोटो आहेत. आई, मी, माझा धाकटा भाऊ सुहास आणि आमची गाडी. क्रीम रंगाची पद्मिनी. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा गाडीचेच जास्त. गाडी पुढून, गाडी मागून, गाडी धुताना, गाडीच्या बॉनेटवर बसून मी नाक खाजवताना. बाबा एकातही नाहीत. म्हातारपणीचे मोबाईलवरचे आहेत, पण आजारपणातले. ते आईला बघवत नाहीत.

मग मी एक उद्योग केला. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सगळे निवृत्त काका. चोकच्या बटणावर दोन दोन तास गहिवरतात. एरवी मी त्यांची टिंगल करते. तिथे काशीदच्या किनाऱ्यावरचा आमचा एक फोटो टाकला आणि लिहिलं, ही गाडी बाबांनी दिवेआगरला विकली होती, कुणाला काही माहीत आहे का? संध्याकाळी एका काकांनी फोटोतला नंबर वाचून कळवलं की हीच गाडी त्यांनी तिथल्या एका सुपारीच्या वाडीत पडलेली पाहिली आहे. वाडीशेजारच्या होमस्टेचा फोन नंबरही दिला. काकांनो, टिंगलीबद्दल माफी.

होमस्टेवाल्यांनी वाडीच्या मालकांना, रमाकांतदादांना फोन दिला. तात्यांचा, म्हणजे ज्यांनी गाडी घेतली त्यांचा हा मुलगा.

"गाडी हाय, ताई," ते म्हणाले, "पर बघन्यासारखी न्हाय राहिली."

मी विचारलं, गाडीबरोबर बाबांचा एखादा फोटो?

पलीकडे जरा वेळ नुसतं खोकणं. "व्हय. दसऱ्याचा एक होता. बघावा लागंल. वादळात लय गेलं."

मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त "एक होता" एवढंच ऐकलं. रात्री बघते तर तिची पिशवी भरून दारापाशी.

शनिवारी उजाडायच्या आत ठाण्याहून निघालो. गाडी मी चालवते, माझी छोटीच आहे. कुणी जाणार असाल तर पेणच्या पुढे वडखळला डावीकडे गोव्याचा रस्ता सोडून उजवीकडे अलिबागकडे वळायचं. पेणच्या आत चहा घेऊन टाका, पुढे प्रत्येक ठिकाणी तुम्हाला मुंबईकर समजून पैसे लावतात. पोयनाडच्या आसपास पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागल्या. आईने काच खाली केली, भाव विचारला, "मेल्या, सोनं विकतोस का?" म्हणाली आणि काच वर केली. येताना मात्र वडखळला दोन माळा घेतल्या.

रेवदंड्याचा पूल ओलांडताना आभाळ भरून आलेलं होतं. पावसाचं नव्हे, नुसतंच मळकट. अशा उजेडात समुद्राकडे बघून कुणाला आनंद होत असेल तर होवो. आईने मात्र तेवढ्यात दसऱ्याचा विषय काढला. हा विषय आमच्याकडे दर दसऱ्याला निघायचा आणि बाबा उठून गॅलरीत जायचे.

तर झालं असं होतं. बाबांच्या डोळ्यांना रात्रीचं कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. बाबांनी घरात कुणालाही न विचारता गाडी विकली. घेणारे तात्या म्हणाले, माझ्या दारात गाडी दसऱ्यालाच येऊ दे. म्हणून दसऱ्याच्या पहाटे बाबा गाडी घेऊन निघून गेले. आदल्या रात्री आईने गाडीसाठी हार ओवून ठेवला होता, दरवर्षीसारखा. पाच झेंडू, मग एक पांढरी शेवंती, परत पाच झेंडू. शेवंती ही तिच्या माहेरची खोड. सगळ्या चाळीत गाड्यांना, सायकलींना, शिवणयंत्रांना हार चढले आणि आमच्या दारापुढे ऑईलचा डाग. हारही नाही. बाबा दुसऱ्या दिवशी एसटीने परतले, नारळाचं पोतं घेऊन.

"मी विचारलं, हार कुठाय?" आई म्हणाली. "तर म्हणाले, राहिला गाडीत. राहिला! छत्री राहते तसा. रात्री जागून ओवला होता मी."

मी म्हटलं, "आई, तीस वर्षं झाली."

"मग? तीस वर्षांत हार परत आला का?"

काशीदला नको म्हणत असताना थांबलो. शनिवार होता, सुरूच्या झाडांखाली गाड्या लावायला जागा नाही, पार्किंगची पावती वेगळी, उंटवाला वेगळा, चारचाकी मोटरसायकलवाला वेगळा. पेटीतला फोटो मी बरोबर घेतला होता. त्यात आमची पद्मिनी वाळूत रुतलेली आहे, मागची चाकं अर्धी आत, आणि मी, सुहास, आई तिला टेकून खदाखदा हसतोय. मागे एक माणूस नाही. ती जागा शोधायला गेलो तर तिथे मक्याच्या कणसांची गाडी. मग आईने मला नवीनच गोष्ट सांगितली. म्हणे गाडी रुतली, भरती चढत होती, आई घाबरून रडकुंडीला आलेली आणि बाबा म्हणाले, आधी एक फोटो होऊ दे, मग माणसं बोलावतो.

"पण तू तर हसतेयस."

"त्यांनी हसवलं. नाहीतर काढलाच नसता. पुढे बैल आणून ओढली."

रस्त्याच्या कडेला एका हॉटेलवाल्याने जुनी पद्मिनी गुलाबी रंगवून ठेवली होती. टपावर हवा भरलेली रबरी होडी, पुढे फळ्यावर लिहिलेलं, फोटो काढायचे पैसे. पोरीपोरी ओळीने उभ्या. आई थेट गेली आणि दाराच्या काचेजवळची छोटी त्रिकोणी काच फिरवून बघायला लागली. आमच्या गाडीत तीच तिची जागा होती, ती काच वारा येईल अशी तिरकी करायची आणि नाकाशी लिंबू धरून बसायचं. काच हलेना. रंग फासून बंदच करून टाकली होती.

"आजी, पैसे आधी," आतून आवाज आला.

"ठेव तुझी," आई म्हणाली, "हलत पण नाही मेली." आणि तरातरा येऊन गाडीत बसली.

पुढे आगरदांड्याला जेट्टी आहे. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे दिघीला उतरायचं. आम्हाला गाडीचे आणि दोघींचे मिळून अडीचशेच्या आत लागले. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आधी तिकीट घ्या मग वड्याच्या नादी लागा, मी उलटं केलं आणि एक बोट चुकवली. बाबांच्या वेळी ही बोट नव्हती. ते माणगाव, म्हसळा असे वळसा घालून गेले असणार, अधू डोळ्यांनी, एकटे. बोटीच्या कठड्याला धरून मला पहिल्यांदाच त्यांच्या त्या दिवसाचा विचार आला. इतकी वर्षं मी आईच्याच बाजूने होते.

दिवेआगरला पोचेपर्यंत दिवस कलला. होमस्टे साधा, स्वच्छ. जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. जेवणाचं आधी सांगावं लागतं. किनारा लांबलचक आहे, चांगला आहे, तुम्ही जालच. मी गेले नाही. आई म्हणाली सकाळी ताज्या डोळ्यांनी फोटो बघू, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी रमाकांतदादा घ्यायला आले. साठी ओलांडलेले, खांद्यावर पंचा. आईला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागून आम्ही वाडीत शिरलो आणि मला वाटलं चुकून शेतात आलो. लहानपणी एकदा इथली वाडी पाहिली होती, त्यात भर दुपारी अंधार. आता कमरेएवढी, डोक्याएवढी सुपारीची रोपं, आणि वर सगळं उघडं आभाळ.

"वादळानं एका दुपारी झोपवली," दादा म्हणाले. "नवी लावलीत. फळ धरंपर्यंत आमी असू का न्हाय, काय म्हाईत."

गाडी विहिरीच्या अलीकडे, जरा उतारावर होती. होती म्हणायचं. वर झाप अंथरलेले, म्हणजे नारळाच्या पात्यांचे विणलेले, तेही कुजलेले. दादांनी झाप बाजूला केले. मागच्या बाजूचं टप सीटपर्यंत खाली दबलं होतं, मधोमध खोलगट, तिथे वादळात माड आडवा पडला होता. डिकी चेमटलेली. क्रीम रंग कुठे कुठे, बाकी गंज. मला एकदम रडूच आलं. गाडीसाठी म्हातारे काका रडतात त्याला मी हसायचे, आणि इथे मी पन्नाशीची बाई वाडीत उभी राहून ढसाढसा. दादा शहाणे, विहिरीकडे बघत उभे राहिले.

आई रडली नाही. पुढच्या डाव्या दारापाशी गेली, त्रिकोणी काच दोन बोटांनी दाबली. करकर वाजली आणि फिरली.

"ही फिरते," ती मला म्हणाली.

दादांची बायको, सुनंदावहिनी, चहा आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. आम्ही ओटीवर बसलो, आणि तेव्हा कळलं की फोटो कसे गेले.

वादळ येणार म्हणून आदल्या दिवशी सगळी बातमी लागलेली. म्हातारे तात्या म्हणाले, घराची कौलं उडतील, गाडीचं टप काही उडत नाही, पोलादाची आहे. जे जपायचं ते गाडीत ठेवा. मग देव्हाऱ्यातले देव काढून, सोवळ्यात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवले. आणि कपाटातले सगळे फोटो, अल्बमसकट, डिकीत.

"अहो, देव पुढं बसले म्हणून मी वर टॉवेल पांघरला, थंडी वाजंल म्हणून," वहिनी म्हणाली आणि हसली.

माड पडला तो गाडीवर. देव सुखरूप. डिकी फुटली आणि रात्रभर पाणी आत. घराची कौलं उडाली ती स्वयंपाकघराची. "ज्या कपाटातनं काढले ना फोटो," दादा म्हणाले, "ते कपाट कोरडं ठणठणीत. तात्या त्याच्यापुढं बसून राहायचे. ते कपाट उघडायचे, परत लावायचे. पुढच्या पावसाळ्यात गेले."

"आमच्या लगनाचा एक बी न्हाय राहिला," वहिनी म्हणाली. "ओटीवर वाळत घातले तर नुसता रंगीत चिखल. पोरांना सांगते, मी बी तवा बारीक होते. त्यांना पटत न्हाय."

डब्यात जेमतेम मूठभर वाचलेले होते. दादांनी त्यातून एक काढला आणि दोन्ही हातांनी आईला दिला.

गाडी आहे, समोरून. त्याच उतारावर. मागे काळोखी वाडी. गाडीच्या बाजूला पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा, डावा हात बॉनेटवर, आपण गुराच्या पाठीवर ठेवतो तसा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, बाबा घालायचे तसं. आणि गळ्याच्या वर काही नाही. पाण्याने तिथला रंग उचलून नेलाय. पांढरट, तपकिरी कडेचा डाग.

मी मनातल्या मनात देवांना नको ते बोलले. पुढच्या सीटवर टॉवेल पांघरून बसले होते ना.

आई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. बराच वेळ. मला वाटलं चेहरा शोधतेय. मग तिने बोट ठेवलं, माणसावर नाही, गाडीवर. "वैशू, हे बघ. चष्मा लाव."

बॉनेटवर हार होता. झेंडूचा. पाच झेंडू, एक पांढरा ठिपका. पाच झेंडू, एक पांढरा ठिपका.

"आमचा बी हार आणला होता तात्यांनी, ह्यो येवढा," दादा म्हणाले. "बोर्लीहून फोटोवाला आलेला. पर तुमच्या वडलांनी हात केला, म्हणले थांबा. पिशवीतनं ओल्या फडक्यात बांधलेला ह्यो काढला. म्हणले, आधी हा. घरनं दिलाय."

आईने मान वर केली नाही.

"आन जायला निघंनात. दुपारची एसटी गेली, सांजची गेली. तात्या बोलले, गाडी सपाटीला लावू. तर न्हाय. ह्या उताराला स्वतः लावली. म्हणले, सकाळी धक्का मारावा लागणार न्हाय. तवापासून हितंच हाय बघा."

आम्ही उतार बघूनच गाडी लावायचो. सगळं लहानपण कुठल्या ना कुठल्या उतारावर गेलं. मी आजही, बॅटरी नवी कोरी असताना, पार्किंगमध्ये उतार शोधते.

निघताना दादांनी फोटो आईच्याच हातात ठेवला. आई म्हणाली, तुमच्याकडेही कुठे काय उरलंय? तर म्हणाले, "आमच्याकडं गाडी हाय ना, काकू. दर दसऱ्याला दोन फुलं वाहतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला, हिनं हाकलला. देव बसले होते म्हणती तिच्यात." वहिनीने माझ्या ओटीत नारळ घातला. मी काही पैसे द्यायचे काढले तर रागावली.

परतताना बोट घेतली नाही. म्हसळ्यावरून माणगावला निघालो, बाबांच्या रस्त्याने. वळणं पुष्कळ, रस्ता मधे मधे बरा. सुहासला फोटो पाठवला होता, त्याचा फोन आलाच. "अगं, आजकाल एआय आहे, चेहरा बसवून मिळतो दोन मिनिटांत!" माणगावच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ दिसला तेव्हा मी गाडी थांबवली. मला तरी वर्षश्राद्धाला डाग पडलेला फोटो कसा लावायचा हा प्रश्न होताच.

स्टुडिओवाला हुशार, बोलका. "टेन्शनच नको, मॅडम. काकांचा दुसरा फोटो द्या." मी पेन्शनच्या कार्डाचा दिला. त्याने काय काय दाबलं आणि पडद्यावर बाबा आले. गोरेपान. सुरकुती नाही. दात दिसतील असं हसू. केस काळेभोर. गाडी अशी चकचकीत की शोरूममधून आत्ता आणली.

"बघा आजी, कसे वाटतात काका?"

आई पुढे वाकली. "कोण आहे हा?" तिने मला विचारलं. "आपल्या गाडीपाशी कशाला उभा आहे?"

स्टुडिओवाला ओशाळला. म्हणाला, हसू कमी करतो. आईने त्याला थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. हार सगळा झेंडूचा झाला होता. एकसारखा, भरगच्च, केशरी. पांढरा ठिपका एक नाही.

"माझी शेवंती कुठे गेली?"

"ते डाग होते ना, आजी. साफ केले."

आईने ओरिजनल मागून घेतला, पदरात धरला आणि जाऊन गाडीत बसली. मी पैसे दिले. बिचाऱ्याचं काय चुकलं? सगळे जण डाग पुसूनच तर मागतात. पुढे घरापर्यंत कांद्याच्या माळांचा वास आणि आम्ही दोघी. पेणच्या अलीकडे अंधार पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "ओल्या फडक्यात बांधून नेला. आणि मला म्हणाले, राहिला. सांगायला काय झालं होतं?" मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून रडली. मी वायपरचं बटण उगाच दाबलं.

सहलीचा हिशेब विचाराल तर: दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात फेरी चालू आहे का बघून निघा, काशीद टाळा. काय मिळालं विचाराल तर मला नीट सांगता येत नाही. मी बाबांना आणायला गेले होते आणि त्यांच्याशिवाय परत आले, हे खरंच आहे. ती गाडी आणखी दोन पावसाळे काढेल असं वाटत नाही. सुहास म्हणतो घेऊन दुरुस्त करू. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

परवा वर्षश्राद्ध झालं. पेन्शनचा फोटो खाली उतरला आणि त्या खिळ्यावर दिवेआगरचा, आहे तसाच, चौकट करून लागला. नातेवाईक यायचे, हात जोडायचे, मग चमकून माझ्याकडे बघायचे. एक आत्या तर म्हणाली, "अगं, ह्यात दादा आहे कुठे?" मी म्हटलं, "हात बघ." तिने हात बघितला, घड्याळ बघितलं आणि खाली बसली.

मी सकाळी बाजारातून मोगऱ्याचा हार आणला होता. स्टुलावर चढून फोटोला घालायला गेले तर आईने मागून माझा पदर ओढला.

"ह्याला हार नको घालूस," ती म्हणाली. "आत आहे."